खोटे विधान आणि दोषी मन : जॉर्ज-निर्णयाचा पुनर्विचार

सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखानदार बीजकावर ‘कुंकू’ असे लिहितो तेव्हा तो केवळ मालाचे नाव सांगत नाही. २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत कुंकवाला करमाफी असल्यामुळे त्या एका शब्दाने कराचाही निर्णय होतो. त्याच लाल भुकटीस अधिकाऱ्याने करपात्र सौंदर्यप्रसाधन ठरविले, तर बीजकावरील शब्द चुकीचा ठरेल. परंतु चुकीचा शब्द म्हणजे खोटा शब्द काय? करविषयक अपराधांच्या विवेचनात हा भेद वारंवार पुसला जातो. आणि त्यासाठी आधार म्हणून बहुधा महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज हा खटला पुढे केला जातो.

२८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाकडे निघालेला हा जर्मन प्रवासी मुंबईच्या विमानतळावर विमानातच बसून होता. त्याच्या अंगातील जाकिटात ३४ किलो सोने निघाले. देशातून पुढे जाणाऱ्या सोन्याची नोंद विमानाच्या मालपत्रकात असलीच पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची अट २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांपूर्वी, राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने सुटका केली, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पुन्हा दोषी ठरविले. दोषी मनाची आवश्यकता नाही, हे न्या. राजगोपाल अय्यंगार यांचे मत, न्या. सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदविले. शिक्षा मात्र भोगलेल्या मुदतीपुरती उतरविण्यात आली. बहुमताच्या मनातील अस्वस्थता त्यात दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

या निर्णयाचा पुढे झालेला उपयोग सदोष आहे. जॉर्जवरचा आरोप कोणत्याही खोट्या विधानाचा नव्हताच. शिवाय सोने अंगावर आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. ठाऊक नव्हता तो नियम. तेव्हा हा खटला कायद्याच्या अज्ञानाचा आहे, वस्तुस्थितीविषयीच्या प्रामाणिक समजुतीचा नव्हे. उलट त्याच १९६२ सालच्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये खोट्या घोषणेबद्दल शिक्षा सांगताना, ती खोटी असल्याचे ‘ज्ञान’ किंवा तसे मानण्यास ‘कारण’ असले पाहिजे, अशी अट विधिमंडळाने स्वतः घातली. जेथे शब्दच बोलतात, तेथे जॉर्ज-निर्णयाचे मौन आणून बसविणे अप्रस्तुत होय.

खरी अडचण त्यानंतरची आहे. १९७३ मध्ये त्याच अधिनियमात कलम १३८-अ घालण्यात आले, आणि २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १३५ ने तोच मार्ग धरला. न्यायालयाने दोषी मन गृहीत धरावे. ते नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे. आणि तेही केवळ संभाव्यतेच्या तारतम्याने नव्हे, तर वाजवी संशयापलीकडे! फौजदारी न्यायात जे ओझे सरकारच्या शिरावर असते, तेच येथे आरोपीच्या शिरावर चढविले आहे. खटल्यास आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते हे खरे. पण ती चाळणी खटला सुरू होण्यापूर्वीची आहे, पुराव्याची नव्हे.

केमच्या कारखानदारावर हे ओझे पडले तर त्याने मन कसे दाखवावे? त्याच्यापाशी असतात ती हळदीच्या व रंगाच्या खरेदीची बिले, वर्षानुवर्षे एकाच नावाने निघालेली बीजके आणि वेळेवर भरलेली विवरणपत्रे. माल कोणत्या वर्गात पडतो याविषयी अधिकाऱ्यांतच मतभेद असेल, तर एवढा पुरावा गृहीतकाच्या खंडनास पुरेसा मानला गेला पाहिजे. माल निराळाच असून नाव कुंकवाचे असेल, तर प्रश्न वेगळा; तेथे बिलेच त्याच्याविरुद्ध बोलतील.