मंत्राधिकार आणि मुके शरीर : आळे येथील रेड्याच्या कथेचा एक विचार

मंत्र म्हणावयाचा तर त्यास मुख हवे, स्वर दाखवावयाचा तर हात हवा. ज्या प्राण्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याने मंत्र म्हटला, असे सांगणारी कथा चमत्कारकथा म्हणून बाजूस सारली जाते, किंवा श्रद्धेने जशीच्या तशी स्वीकारली जाते. दोन्ही पक्षांत तिच्यातील नियमविचार दुर्लक्षित राहतो. पैठणास वेद बोललेल्या आणि जुन्नर तालुक्यातील आळे येथे समाधिस्थ झाल्याचे मानल्या गेलेल्या रेड्याची कथा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

प्रथम नियम पाहावा. पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने सांगितली आहेत : उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालू. रवंथ करणाऱ्या गोवंशीय प्राण्यांस वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्या जागी केवळ कठीण हिरडी असते. म्हणजे तवर्गाचे स्थानच रेड्याच्या मुखात अपुरे आहे. तीच शिक्षा पुढे असेही बजावते की, जो हस्तावाचून आणि स्वरवर्णहीन असे वेदपठण करतो तो हीन योनीस जातो. रेडा तर आधीच त्या योनीत आहे, आणि त्यास हातही नाही. शिक्षाकारांनी जे दोषाचे फळ म्हणून सांगितले, तेच या कथेत पठणाचे आरंभस्थान झाले आहे.

मीमांसकांनी हाच प्रश्न अधिकाराच्या अंगाने हाताळला. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या प्रथम पादावरील भाष्यात शबरस्वामी तिर्यक् योनींना यज्ञाधिकार नाकारतात, कारण सांग कर्म करण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नाही. कुत्रा चतुर्दशीस आणि ससाणा अष्टमीस उपवास करतो, हा पूर्वपक्षही तेथे आला आहे; तो व्याधीमुळे न खाणे होय, असे म्हणून खोडला आहे. आज्याचे अवेक्षण अंधास शक्य नाही, विष्णुक्रम पंगूस शक्य नाहीत, हाही विचार याच चर्चेतला. याच अध्यायात पुढे प्रतिनिधीचा विचार येतो. विहित द्रव्य न मिळाल्यास त्यासारखे दुसरे चालते. मंत्रास मात्र प्रतिनिधी नाही.

पाश्चात्य जगात हाच प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या भूमिकाखेळाच्या परंपरेत मंत्रप्रयोगाची वाचिक, आंगिक आणि द्रव्यरूप अशी तीन अंगे मानली जातात. पशुरूप धारण केलेल्या ‘ड्रुइड’ने मंत्र कसा म्हणावा? 2014 च्या पाचव्या आवृत्तीत अठराव्या पातळीपर्यंत पोहोचल्यावाचून त्यास ती मुभा नाही. 2003 च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत ‘नॅचरल स्पेल’ नावाची एक सिद्धी आहे. ती लाभली की पशूचा स्वतःचा आवाज आणि स्वतःच्या हालचाली यांनाच मंत्राक्षरांचे व मुद्रांचे स्थान मिळते. मीमांसकांनी मंत्रास नाकारलेला प्रतिनिधी येथे खेळाच्या नियमाने मान्य झाला आहे.

या दोन टोकांमध्ये रेड्याची कथा कोठे बसते? महीपतीच्या ‘भक्तविजया’त (1762) व पुढील परंपरेत रूढ झालेल्या रूपात रेड्याचे हंबरणे वेद म्हणून स्वीकारले जात नाही, रेडा ऋचाच म्हणतो. ज्ञानदेव त्याच्या मस्तकी हात ठेवतात, या तपशिलाकडे शिक्षेच्या नियमासमवेत पाहिले म्हणजे तो निव्वळ आशीर्वाद राहत नाही : हस्तहीनास येथे हात उसना मिळाला आहे. नियम शिथिल झालेला नाही, त्याची पूर्तता दुसऱ्याच्या शरीराने झाली आहे.

कथेचे खरे लक्ष्य मात्र रेडा नव्हे. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना मुंज नाकारली होती. त्यांची अडचण सामर्थ्याची नसून निषेधाची होती. मीमांसेत असामर्थ्य आणि निषेध ही अपात्रतेची भिन्न कारणे आहेत. कथा कैमुतिकन्यायाने दोहोंना भिडवते : जेथे असमर्थ पशू बोलतो, तेथे समर्थ बालकास अडविणाऱ्या निषेधाचे बळ किती? हा युक्तिवाद बिनतोड आहे, परंतु त्याची किंमतही मोजली पाहिजे. यात पंडितांचा मापदंड जसाच्या तसा उभा राहतो. परीक्षा त्यांची, भाषा त्यांची, उत्तीर्ण होणारा तेवढा अनपेक्षित. शिवाय रेडा स्वतःचे असे काहीच बोलत नाही. शके 1212 मध्ये नेवाशास पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’ने निवडलेला मार्ग याहून निराळा आहे. तेथे अनधिकाऱ्याच्या मुखी संस्कृत घातलेले नाही. अर्थच त्याच्या भाषेत आणला आहे. ग्रंथाची ही भूमिका कथेच्या भूमिकेहून अधिक मूलगामी आहे, आणि चरित्रकथनात रेड्यासच अग्रस्थान देणाऱ्यांनी हे अंतर ध्यानी घेतलेले दिसत नाही.

तथापि कथा पैठणास संपत नाही. परंपरेनुसार परतीच्या वाटेवर आळे येथे रेड्याचा अंत झाला व तेथे त्यास समाधी देण्यात आली. तेथून आळंदीची वाट जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून दक्षिणेस उतरते. याच जुन्नर परिसरातील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि गाई, घोडे, हत्ती यांच्या दक्षिणेची नोंद आहे. तेथे पशू मोजला गेला आहे. आळे येथे त्यास समाधीचा मान आहे. पैठणच्या सभेत रेडा पुरावा होता, आणि पुराव्याचे काम संपले की त्याचे महत्त्व उरत नाही. आळे येथे तो पुन्हा मुका झालेला आहे, काहीही सिद्ध करीत नाही, तरीही त्याचे स्मरण होते. अधिकार बोलण्याच्या सामर्थ्यावर अवलंबून नसावा, हे या कथेतील ऋचांपेक्षा तिच्या शेवटच्या, निःशब्द भागातून अधिक स्पष्ट होते.