ऊर्जेचा ताळेबंद मांडणारे पुस्तक

'कोळसा, तेल आणि वायू संपणार आहेत, म्हणून सूर्य आणि वारा यांच्याकडे वळले पाहिजे' हे वाक्य आपण वर्गात अनेकदा सांगतो. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुणही मिळवतात. पण 'किती वारा लागेल? किती जमीन लागेल?' असे एखाद्याने विचारले, तर आपली पंचाईत होते. या 'किती'चे उत्तर देण्यासाठीच डेव्हिड मॅके यांनी 'सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर' हे पुस्तक लिहिले. शाश्वत ऊर्जेविषयी, पण पोकळ गप्पा वगळून, असा नावाचा भावार्थ. मॅके केंब्रिज विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक होते. पुस्तक २००८ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना ऊर्जा खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार नेमले. २०१६ साली, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते निवर्तले. दरम्यान ब्रिटनने बरीच मजल मारली आहे. तेव्हा हे पुस्तक कितपत खरे उतरले, हे आता तपासून पाहता येते.

पुस्तकाची ताकद एका साध्या युक्तीत आहे. तेल पिंपांत, कोळसा टनांत आणि वीज मेगावॅटमध्ये मोजली की तुलना अशक्य होते. मॅके सारे काही एकाच मापाने मोजतात : दर माणशी, दर दिवशी किती युनिट? हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचेच, एक किलोवॅट-तास. मोटारीने रोज ५० किलोमीटर प्रवास करणारा माणूस ४० युनिट खर्च करतो. भ्रमणध्वनीचा चार्जर दिवसभर नुसता खोचून ठेवला, तर खर्च होतो सुमारे ०.०१ युनिट. चार्जर काढून ठेवल्याचे समाधान मानून मोटारीने हिंडणाऱ्याने काय वाचवले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाऱ्याचे गणित तर फळ्यावर मांडण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये दर माणशी सुमारे ४,००० चौरस मीटर जमीन येते. पवनचक्क्यांपासून दर चौरस मीटरला सरासरी २ वॉट मिळतात. म्हणजे सारा देश पवनचक्क्यांनी भरला तर माणशी ८,००० वॉट, म्हणजेच दिवसाला सुमारे २०० युनिट. पण सारा देश भरता येत नाही. सर्वाधिक वाऱ्याचा दहावा हिस्सा वापरला तर उरतात २० युनिट. याउलट, त्या वेळी ब्रिटिश माणसाचा सरासरी वापर होता १२५ युनिट. वारा निरुपयोगी आहे असे मॅके म्हणत नाहीत. एकट्या वाऱ्यावर भागणार नाही, एवढेच ते दाखवतात.

या १२५ युनिटांची फोड आम्हांला पुस्तकातील सर्वांत मोलाची वाटते. सुमारे ४० युनिट प्रवासासाठी, ४० उबेसाठी आणि १८ विजेच्या रूपाने. उरलेले २७ युनिट इंधनापासून वीज तयार करताना वाया जातात. म्हणजे हातात पडणारी वीज हा एकूण ऊर्जेचा जेमतेम सातवा भाग!

आता प्रत्यक्ष घडले काय ते पाहू. कोळशावर चालणारे जगातील पहिले सार्वजनिक वीजकेंद्र १८८२ साली लंडनमध्ये सुरू झाले. त्याच देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील आपले शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद केले. २०१२ साली तेथील सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून मिळत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे बारा वर्षांतील या बदलाचा वेग कळतो. पण 'ब्रिटनने खनिज इंधने सोडली' असे कोणी म्हणाले, तर त्याच्या हाती हे पुस्तक द्यावे. कोळसा गेला तो विजेच्या हिशेबातून, आणि त्याची जागा प्रथम बऱ्याच अंशी नैसर्गिक वायूने घेतली. बहुसंख्य घरे आजही वायूनेच ऊब मिळवतात आणि बहुसंख्य मोटारी तेलावर धावतात. ब्रिटनमधील पवनचक्क्या आज वर्षाला आठ हजार कोटी युनिटांहून अधिक वीज देतात. आकडा दिपवणारा आहे. पण माणशी, दिवसाला वाटला तर तो तीन-साडेतीन युनिटच भरतो. मॅके यांचे माप हे असे उपयोगी पडते.

मात्र दोन ठिकाणी पुस्तक उणे पडते. पहिले, किमतीचे. आधी निसर्गाची मर्यादा पाहू, म्हणून पहिल्या भागात खर्च मुद्दाम बाजूला ठेवला आहे. पुढे खर्चावर एक प्रकरण येते, पण ते त्या काळच्या किमतींचे. प्रत्यक्षात किंमतच निर्णायक ठरली. २०१५ च्या सरकारी लिलावात समुद्रातील पवनविजेला दर मेगावॅट-तासाला ११५ ते १२० पौंड मोजावे लागले होते. २०१९ मध्ये तो भाव, २०१२ च्याच चलनमूल्यात धरता, सुमारे ४० पौंडांवर आला. २०२३ च्या लिलावात मात्र खर्च वाढल्याने समुद्रातील पवनविजेसाठी एकही बोली आली नाही. कोळसा मागे पडला, त्यामागे २०१३ पासून त्याच्या कार्बनवर बसवलेला करही होता. जमीन आणि वारा तेच राहिले. बदलली ती धोरणे आणि किमती.

दुसरे, सरासरीचे. १२५ युनिट हे सरासरी माणसाचे. विमानाने वारंवार फिरणारा आणि एका खोलीत थंडीने कुडकुडणारा वृद्ध, दोघेही त्या सरासरीत हरवतात. काटकसर कोणी करायची, हा प्रश्न नुसत्या बेरजेने सुटत नाही.

तरीही शिक्षकांनी हे पुस्तक वाचावेच, असे आम्ही आग्रहाने म्हणू. ते इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्याची पद्धत आपल्या वर्गातही चालते. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. चौघांच्या घरात तो महिनाभर पुरला, तर माणशी, दिवसाला दीड युनिट. त्याच घराचे वीजबिल महिना १२० युनिटांचे असेल, तर माणशी एक युनिट. वीज वाचवा म्हणताना चुलीचा हिशेब राहूनच जातो, हे मुलांना स्वतःच्या घराच्या आकड्यांवरून समजेल.

याची आपल्याकडे निकड आहे. भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-खनिज स्रोतांचा वाटा निम्मा झाल्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष विजेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग कोळशापासूनच आला. दोन्ही विधाने खरी आहेत. क्षमता आणि निर्मिती, वीज आणि ऊर्जा यांतील फरक ज्याला शाळेत कळला नाही, तो त्यांपैकी एकच बातमी वाचून एक तर निर्धास्त होईल, नाही तर निराश. उद्या मत देणाऱ्या नागरिकाला दोन्ही परवडणारे नाही.