शब्द वगळल्यावर उरणारे स्थळ : कुंभकोणम् आणि बासरी

संगीत एखाद्या स्थळाचे वा मूर्तीचे चित्रण करू शकते काय, हा प्रश्न कर्नाटक संगीताच्या संदर्भात उपस्थित झाला, की त्याचे उत्तर बहुधा कृतीच्या साहित्यात, म्हणजे शब्दरचनेत शोधले जाते. मुत्तुस्वामी दीक्षितर (मृत्यू १८३५) यांच्या क्षेत्रकृतींमध्ये देवतेचे रूप, क्षेत्राचे नाव आणि स्थलपुराण यांचा निर्देश येतो. त्यामुळे त्या स्थळाच्या कृती ठरतात. परंतु तीच कृती बासरीवर वाजविली गेली, तर स्थळाचे काय होते? कुंभकोणम् येथे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. कर्नाटक बासरीला मैफलीतील प्रधान वाद्याचे स्थान मिळवून देणारे शरभ शास्त्री (१८७२–१९०४) याच गावचे. आणि त्यांची दृष्टी बालपणीच गेलेली होती.

कुंभकोणम् येथील दैवतांवर दीक्षितरांच्या ज्या कृती आहेत, त्यांपैकी ‘कुंभेश्वराय नमस्ते’ ही कल्याणी रागात, तर ‘मंगलांबायै नमस्ते’ ही मालवश्री रागात आहे. दोन्ही शीर्षकांत चतुर्थी विभक्ती आहे. नमन कोणाला, हे येथे व्याकरणच सांगते. बासरीवर ही विभक्ती ऐकू येत नाही. मराठी श्रोत्याला कल्याणीत आपला यमन ओळखीचा वाटेल. कुंभेश्वर मात्र भेटणार नाही. म्हणून ‘बासरीने मंदिर डोळ्यांपुढे उभे केले’ हे मैफलीच्या वृत्तांतांतील नेहमीचे विधान तपासून घ्यावे लागते. त्यात श्रोत्याच्या स्मृतीचे श्रेय वाद्याला दिलेले असते.

तथापि स्मृतीवर अवलंबून असणे हे केवळ वाद्यसंगीताचेच उणेपण नव्हे. कुंभकोणम् येथील नायककालीन रामस्वामी मंदिराच्या प्राकारात रामायणकथा भिंतीवर क्रमाने चितारलेली आहे. प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या पावलांबरोबर ती उलगडते. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत चित्रापाशी कथेकरी असतो आणि पोथीतील प्रत्येक चित्राला त्याचा आवाज लाभतो. प्राकारात असा कथेकरी नाही. कथा पाहणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, हे तेथे गृहीत धरलेले असते. चित्राने द्यावयाचे ते क्रम आणि गती. बासरीवरील क्षेत्रकृतीचे कार्य याच जातीचे आहे. पल्लवी, अनुपल्लवी, चरण हा क्रम आणि दीक्षितरांच्या रचनांचा संथ, भारदस्त काळ ती राखू शकते. ती मूर्ती दाखवीत नाही. मूर्तीपर्यंत जाण्याची चाल राखते.

ही चाल कशी राखावयाची, याविषयी बासरीवादनाच्या इतिहासात एकमत नाही. शरभ शास्त्रींची बासरी, तिरुक्कोडिकावल कृष्ण अय्यर यांचे व्हायोलिन आणि अळगनंबी पिळ्ळै यांचा मृदंग या त्रयीने मोजक्या वाद्यांची, जवळून ऐकावयाची मैफल प्रतिष्ठित केली. त्यांचे शिष्य पल्लडम संजीवराव यांच्या वादनात ‘तुत्तुकारा’ला, म्हणजे जिभेच्या आघाताने फुंक तोडण्याला महत्त्व होते. या रीतीत शब्दाचा उच्चार नसला तरी अक्षरांची मोजणी टिकते. पुढे कुंभकोणम्‌जवळच्या तिरुविडैमरुदूरचे टी. आर. महालिंगम उर्फ माली (१९२६–१९८६) यांनी बोटांची ठेवण व फुंकेचे नियमन बदलून गमकयुक्त, गायनाशी जवळीक साधणारा स्वर बासरीतून काढला. एका रीतीने साहित्याचा सांगाडा जपला, दुसरीने त्याचा उच्चारभाव. क्षेत्रकृतीपुरता विचार केला तर दुसरी रीत अधिक समृद्ध ठरते, कारण दीक्षितरांच्या कृतीत रागाचे रूप गमकांतूनच सिद्ध होते. परंतु अक्षरांची वीण सैल झाली की कृतीचे रूपांतर रागालापात होण्याचा धोकाही याच रीतीत अधिक असतो.

शरभ शास्त्रींच्या दृष्टिहीनतेचा भावुक अर्थ लावण्याचे कारण नाही. ते त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतले होते. दीक्षितरांच्या या कृतींशी त्यांचे नाव ओढूनताणून जोडण्याचीही गरज नाही. अधिक बोलकी आहे ती निराळीच बाब. मराठी कीर्तनाच्या प्रभावाने तंजावर भागात हरिकथा आकारास आली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तिच्यात रुळले. त्या हरिकथेसाठी शरभ शास्त्रींनी मांगुडी चिदंबर भागवतर यांना तयार केले. शब्दाविना वाजविणाऱ्या कलावंताने शब्दप्रधान कलेचा पाठ दुसऱ्याला दिला. वाद्यसंगीत शब्दाला नाकारून स्वायत्त होते, हे आधुनिक गृहीत येथे लागू पडत नाही. शब्द येथे लोप पावत नाही, तो वादकाच्या आणि श्रोत्याच्या अंतरी जातो.

रामस्वामी मंदिराच्या गाभाऱ्यातील हनुमंताच्या एका हाती रामायणाची पोथी आणि दुसऱ्या हाती वीणा आहे. बासरीवर क्षेत्रकृती वाजविणाऱ्याच्या हाती वाद्यच असते; पोथी श्रोत्याने आणावयाची असते. तमिळ प्रदेशाबाहेरच्या श्रोत्याला ती पोथी मिळत नाही तोवर त्याच्यापर्यंत राग पोहोचेल, क्षेत्र पोहोचणार नाही. मैफलीत कृतीचे नाव आणि तिचे साहित्य सांगण्याची प्रथा म्हणूनच केवळ औपचारिक मानता येत नाही. ती कृतीच्या अर्थाचाच भाग ठरते.