इम्रानचा चेहरा

इब्ने सफी यांची 'इम्रान सीरीज' वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात इम्रानचा चेहरा वेगळा. १९७४ साली 'बेबाकों की तलाश' या कादंबरीवरून पाकिस्तानात 'धमाका' चित्रपट निघाला. त्यात इम्रान दिसतच नाही. नायक जफरुल मुल्क. 'एक्स-टू'चा केवळ आवाज, तोही खुद्द सफींचा!

ही पळवाट आहे असे आम्हास वाटत नाही. इम्रान हाच एक्स-टू, हे कादंबऱ्यांत त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांनाही ठाऊक नसते. ते आवाजाचा हुकूम मानतात. प्रेक्षकही त्यांच्याच रांगेत बसतो. मात्र इम्रानबरोबर त्याचे वेड पांघरणे गेले, खट्याळ उर्दू गेली. चेहरा वाचला, जबान हरवली. रूपांतरकारांनी आधी जबान सांभाळावी. चेहरा आम्ही वाचक देऊ.