गोंदण, अलंकार आणि आपली श्रद्धा

मराठीत 'अलंकार' हा शब्द देहालाही लागतो आणि भाषेलाही. गळ्यातील ठुशी हा अलंकार आणि कवितेतील उपमा हाही अलंकारच. या एका शब्दात मोठे शहाणपण साठलेले आहे, असे आम्हांला वाटते. जे मुळात आहे ते अधिक स्पष्ट व्हावे, अधिक बोलके व्हावे, यासाठी अलंकार असतो. मूळच पोकळ असेल, तर दागिना आणि उपमा दोन्ही सारखीच खोटी ठरतात. ख्रिस्ती माणसाने देह सजवावा की नाही, अंगावर गोंदून घ्यावे की नाही, या प्रश्नाकडे पाहताना हा साहित्यातील निकष हाताशी ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

हा प्रश्न आज घराघरांत उभा आहे. परंदवडी, सोमाटणे, तळेगाव या मावळच्या पट्ट्यात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेल्या आम्हां कॅथॉलिक कुटुंबांत कोणी नगरकडचे, कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, तर कोणी थेट दक्षिणेकडचे. आजीच्या हातावर हिरवट निळे गोंदण असते आणि नातवाच्या दंडावर यंत्राने काढलेला क्रूस. आजीच्या गोंदणाबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. नातवाच्या टॅटूवर मात्र घरात वादळ उठते आणि लेवीय ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय त्याच्या तोंडावर फेकला जातो. एकाच कृतीला दोन न्याय का, याचा विचार सहसा होत नाही. तो व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या अध्यायाचेच वाचन करू. मृतांसाठी अंगावर वार करून घेऊ नका आणि अंगावर खुणा गोंदू नका, असा आदेश तेथे आहे. इस्राएलच्या शेजारी राहणाऱ्या लोकांच्या शोकविधींशी आणि दैवतपूजेशी त्याचा संबंध होता, असे बायबलचे अनेक अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात दाढीच्या कडा कापू नयेत, दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र अंगावर घालू नये, असेही आदेश आहेत. रविवारी मिस्साला जाण्यापूर्वी गुळगुळीत दाढी करून मिश्र धाग्याचा सदरा घालणारा बाप मुलाला अठ्ठाविसावे वचन ऐकवतो, तेव्हा त्याने आदले सत्ताविसावे वचन आणि त्याही आधीचे एकोणिसावे वचन वगळलेले असते. कवितेची एकच ओळ तोडून तिचा अर्थ लावणाऱ्या समीक्षकाला आपण हसतो. पवित्र शास्त्राच्या बाबतीत ती मुभा कोणी घ्यावी, असे आम्हांला वाटत नाही.

आणि पूर्ण वाचन केले, तर शास्त्र अलंकारांचे वैरी दिसत नाही. अब्राहामाचा सेवक रिबेकेला विहिरीवर भेटतो आणि तिला सोन्याची नथ व बांगड्या देतो. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात स्वतः परमेश्वर यरुशलेमेला वधूसारखी नटवतो. तिच्या नाकात नथ, कानांत कुंडले आणि मस्तकी मुकुट घालतो. यशयाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र सियोनच्या मानिनींचे पैंजण, चंद्रकोरी, कर्णभूषणे यांची लांबलचक यादी येते आणि ती सारी हिरावली जातील, असे संदेष्टा बजावतो. का? त्याच अध्यायाने आधी सांगितलेले असते की गरिबांची लूट पुढाऱ्यांच्या घरांत भरलेली आहे. दागिना तोच, एके ठिकाणी तो प्रेमाची खूण आहे, दुसरीकडे लुटीचा पुरावा. संत पेत्र आणि संत पौल यांच्या पत्रांत केसांची गुंफण व सोने यांविषयी जे सांगितले आहे, तेही याच प्रकाशात वाचले पाहिजे. ज्या सभेत दास आणि धनिक शेजारी बसत होते, तेथे ऐश्वर्याचे प्रदर्शन भ्रातृभावावरच घाव घालणारे होते.

गोंदणाच्या बाबतीत तर शास्त्राची भाषाच आपल्याला चकित करते. मी तुला माझ्या तळहातांवर कोरले आहे, असे यशयाच्या मुखाने परमेश्वर म्हणतो. येशूच्या खुणा माझ्या देहावर आहेत, असे संत पौल गलतीकरांस लिहितो. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर अमिट मुद्रा उमटवतात, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आणि ही कल्पना स्पष्ट करताना संत ऑगस्टीनने रोमन सैनिकाच्या अंगावरील खुणेचाच दाखला घेतला होता. सैनिक पळून गेला तरी खूण पुसली जात नाही, तसाच बाप्तिस्माही पुसला जात नाही. ज्या धर्माने आपल्या सर्वांत खोल सत्यासाठी गोंदणाची उपमा घेतली, त्याने गोंदण या शब्दानेच दचकावे, हे विसंगत आहे.

ख्रिस्तसभेचा इतिहासही सरळ मनाईचा नाही. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. 316 मध्ये शिक्षा झालेल्या कैद्यांच्या चेहऱ्यावर खुणा उमटवण्यास बंदी केली. चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेनुसार घडला आहे, हे कारण त्याने दिले. तेथे मुद्दा बळजबरीच्या कलंकाचा होता. इ. स. 786 मध्ये इंग्लंडमध्ये गेलेल्या पोपच्या दूतांनी आपल्या अहवालात भेद केला: देवासाठी कोणी हे सोसले तर त्याला मोठे फळ आहे, मूर्तिपूजकांच्या अंधश्रद्धेने केले तर त्याचा तारणासाठी उपयोग नाही. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही मनगटावर लहानसा क्रूस गोंदून घेतात. जेरुसलेमच्या यात्रेची खूण म्हणून गोंदून घेण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. बोस्नियातील कॅथॉलिक स्त्रिया तुर्की अमलात हातांवर क्रूस गोंदून घेत. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात गोंदणाचे नाव घेऊन मनाई केलेली नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मार्च 2018 मध्ये रोमला जमलेल्या तरुणांपुढे, टॅटूला घाबरू नका, असे सांगितले आणि कपाळावर क्रूस गोंदणाऱ्या एरिट्रियाच्या ख्रिस्ती लोकांची आठवण दिली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. येथे इतिहास अधिक वेदनादायक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये राचोल येथे त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. मराठी भाषेची थोरवी गाताना त्याने रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर यांच्या उपमा वापरल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या साऱ्या उपमा शृंगाराच्या पेटीतून आल्या आहेत, इकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. स्टीफन्सने शुभवर्तमानाला ओवीचे लुगडे नेसवले आणि पुराणाचा साज चढवला. त्यामुळे सुवार्ता परकी झाली नाही. उलट ती घरची झाली. त्याच्याच काळात मदुराईला रॉबर्ट डी नोबिली जानवे, शेंडी आणि चंदन यांबाबत हीच भूमिका मांडीत होता. या खुणांत अंधश्रद्धेचा हेतू नसेल तर त्या चालतील, असा निर्णय पोप पंधरावे ग्रेगरी यांनी 1623 मध्ये दिला. पुण्यातील डी नोबिली महाविद्यालयाच्या नावात ही स्मृती आजही जिवंत आहे.

पुढे वारे फिरले. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. 1704 मध्ये कार्डिनल टूर्नों यांनी दक्षिणेतील ख्रिस्ती स्त्रियांना पिल्लैयारची आकृती असलेली ताली घालण्यास मनाई केली. क्रूसाची चालेल, असे सांगितले. गोव्याच्या इन्क्विझिशनने एप्रिल 1736 मध्ये काढलेल्या फर्मानात तर ख्रिस्ती पुरुषाने पुडवे नेसू नये आणि ख्रिस्ती स्त्रीने चोळी घालू नये, इथपर्यंत मजल गेली. लग्नातील हळद आणि अंगणातील तुळसही त्यातून सुटली नाही. भाषेवरील बंदी आणि चोळीवरील बंदी एकाच मनोवृत्तीतून आल्या, असे आमचे मत आहे. ज्याला लोकांच्या भाषेतले अलंकार सोसत नाहीत, त्याला त्यांच्या देहावरचेही सोसत नाहीत. वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांनी आपले लुगडे आणि आपले दागिने पिढ्यान्‌पिढ्या टिकवले, त्यात आम्हांला हट्टापेक्षा निष्ठा अधिक दिसते.

याचा अर्थ अंगावरची प्रत्येक खूण पूज्य, असा नाही. महाराष्ट्रात दागिना हा जातीचा शिक्काही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारे जड दागिने आणि लुगडे नेसण्याची ती पद्धत टाकून द्या, असे सांगितले. नगर जिल्ह्यातील आपल्या कितीतरी कॅथॉलिक घराण्यांचे पूर्वज त्याच समाजांतील आहेत. त्यांच्यासाठी चांदीच्या वाळ्या टाकणे हा मुक्तीचा उद्गार होता. म्हणून 'संस्कृती जपा' हा उपदेशही डोळे मिटून करता येत नाही. कोणाची संस्कृती आणि ती कोणी कोणावर लादलेली, हे आधी विचारावे लागते.

आणि दागिना उतरवणे म्हणजे साधेपणा, हेही येथे नेहमी खरे नव्हते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे आणू. 1882 मध्ये त्या विधवा झाल्या आणि 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या अँग्लिकन पंथात गेल्या, तरी त्यांचा प्रश्न आपलाही आहे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी आपल्या गुरुभगिनीला रोखठोक विचारले होते. क्रूस त्यांना हवा होता. परकी मुद्रा नको होती. पुढे याच पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी विधवांना आसरा दिला. ज्या समाजात नवरा मेल्याबरोबर बाईच्या बांगड्या फोडल्या जात, कुंकू पुसले जात, केस उतरवले जात, तेथे अलंकारहीन देह ही वैराग्याची खूण नव्हती. ती शिक्षा होती. अशा स्त्रीपुढे संत पेत्राचे वचन वाचून 'बाह्य शृंगार सोडा' असे प्रवचन देणारा धर्मगुरू शब्द बरोबर उच्चारतो आणि अर्थ चुकवतो.

हा विषय जुना झाला, असे कोणी समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. आपण स्वतःला विचारावे: आपल्या घरांत शवपेटीपाशी नव्याने विधवा झालेल्या बाईचे मंगळसूत्र उतरवण्यासाठी कोणाचे हात पुढे होत नाहीत काय? पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या समाजात हे घडत असेल, तर नातवाच्या दंडावरील क्रूसापेक्षा ही गोष्ट शतपट गंभीर आहे. तरुणाच्या टॅटूवर तासभर वाद घालणारे आपण या हातांविषयी गप्प का राहतो?

मग टॅटूचे काय? 'देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे' हे वचन त्याविरुद्ध नेहमी सांगितले जाते. करिंथकरांस लिहिताना संत पौलाच्या मनात व्यभिचाराचा प्रश्न होता, नक्षीचा नव्हता. शिवाय मंदिरे आपण कोरीच ठेवतो, असेही नाही. आपल्या वेद्यांवर सोन्याचा मुलामा असतो आणि भिंतींवर चित्रे असतात. पण हेच वचन तरुणांनाही उलटे बांधते. मंदिराच्या भिंतीवर कोणीही काहीही खरडू नये, हे खरेच आहे. मित्राने काढले म्हणून काढलेले, आठवड्याच्या प्रेमाचे नाव कायमचे कोरलेले, कवटी-सापांची भीती मिरवणारे चित्र हे अलंकार नव्हेत. ती केवळ यमके आहेत, त्यांत कविता नाही. आणि दंडावर क्रूस आहे, पण त्याच हाताने लाच घेतली जाते किंवा बायकोवर हात उगारला जातो, तर तो क्रूस साक्षीदार म्हणून उभा राहील, हे ध्यानात असावे. व्यवहाराची बाजूही आहेच. अस्वच्छ सुईतून कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतात आणि गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. दुसऱ्यासाठी रक्त देण्याचा मान वर्षभर दूर ठेवावा एवढे मोल त्या चित्राला आहे काय, हा प्रश्न कोणत्याही ख्रिस्ती तरुणाला विचारण्यास हरकत नाही.

आजीच्या गोंदणाकडे पुन्हा पाहावे. तुळस, गोपद्म, सूर्य-चंद्र, भावाचे नाव: गावोगाव फिरणाऱ्या गोंदणारणीने वेदनेतून उमटवलेली ही अक्षरे. सारे दागिने चोर नेईल, सावकार नेईल, मरताना लोक काढून घेतील. गोंदण तेवढे सोबत येईल, अशी त्यामागची भावना. ज्यांच्याकडे सोने नव्हते, त्यांनी कातडीलाच सोने केले. शांता शेळके यांनी 1975 च्या आपल्या काव्यसंग्रहाला 'गोंदण' हेच नाव दिले, कारण पुसता न येणाऱ्या खुणेसाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही. त्या आजीने बाप्तिस्मा घेतला असेल किंवा बाप्तिस्मा घेतलेल्याच घरात ती जन्मली असेल. तिच्या हातावरील तुळस खरवडून काढण्याची गरज देवाला कधीच भासली नाही.

आमच्या मावळातच कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारी दगडात कोरलेली जोडपी उभी आहेत. भिक्षूंच्या लेण्याच्या उंबरठ्यावर ती कर्णभूषणे, कंकणे, तोडे घालून प्रसन्न चेहऱ्याने सुमारे दोन हजार वर्षे उभी आहेत. वैराग्याचे घर बांधणाऱ्यांनाही संसाराचा शृंगार दारात चालला. आपला धर्म तर शब्द देहधारी झाला, असे मानणारा. देहाची लाज ही आपली शिकवण असूच शकत नाही.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे थोडके आहे. अंगावरची खूण दिसली की आधी ती वाचावी, मग तिच्याविषयी बोलावे. ती कोणी उमटवली, स्वेच्छेने की धाकाने. ती कोणाला कमी लेखते की कोणाचे प्रेम सांगते. तिच्यामागे काही सत्य आहे की नुसती हौस, हे पाहावे. मुलाशी वचनांची फेकाफेक न करता हे प्रश्न त्याच्यासोबत बसून सोडवावेत. आणि ज्या दिवशी आपल्यातील एखाद्या भगिनीवर वैधव्य येईल, त्या दिवशी तिच्या गळ्याकडे जाणारा हात घरातल्या थोरल्याने अडवावा. राखेच्या बुधवारी आपल्या साऱ्यांच्या कपाळी एकच खूण उमटते. तिच्यात विधवा आणि सवाष्ण असा भेद नसतो.