जे गेले नाहीत त्यांची गोष्ट

फाळणीचे साहित्य म्हटले की डोळ्यांसमोर आगगाड्या येतात, काफिले येतात, मंटोंची माणसे येतात. म्हणजे जाणारे आणि येणारे. पण आपण तर न गेलेल्यांची संतती आहोत. जे गेले नाहीत, त्यांचे पुढे काय झाले? हा सवाल सोबत घेऊन आम्ही महिनाभर दिल्ली, अलीगढ, आग्रा, लखनौ असे फिरलो. दिवसा पुस्तकांची दुकाने, गाडीत वाचन आणि रात्री मुक्कामावर चित्रपट, असा क्रम ठेवला होता. त्यातील दोन कादंबऱ्या आणि दोन चित्रपट यांविषयी येथे लिहीत आहोत.

आधी दुकानांविषयी थोडे. दिल्लीच्या जामा मशिदीसमोरचा उर्दू बाजार नावापुरताच उर्दूचा उरला आहे. जिथे दीवान आणि तफसीर मिळत, तिथे आता कबाबांचा धूर आहे. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार 2019 मध्ये फुटपाथवरून उठला आणि महिला हाटच्या आवारात गेला. लखनौच्या अमीनाबादेत ‘दानिश महल’सारख्या जुन्या दुकानाचे नाव अजून आदराने घेतले जाते. या फिरण्यात एक गोष्ट ध्यानात आली. उर्दूतील अनेक महत्त्वाचे लेखक आज नागरी लिपीत सहज मिळतात. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण मराठीतून झाले, उर्दू कानावर पडली पण हाती आली नाही. नागरी आवृत्त्यांमुळे अशा वाचकाला ही दौलत खुली झाली आहे. लिपी गेल्याचे दुःख खरे, पण त्या दुःखात वाचनच थांबवणे शहाणपणाचे नाही.

कुर्रतुल ऐन हैदर यांच्या ‘आग का दरिया’चे (1959) मोठेपण वादातीत आहे. अडीच हजार वर्षांचा काळ एका कादंबरीत सामावणे सोपे नव्हे. राष्ट्रवादी विचारांचा कमाल अखेर नोकरीअभावी पाकिस्तानात जातो, तो भाग वाचताना मन खिन्न होते. तरीही आम्हांला वाटत राहिले की ही लखनौच्या कोठ्यांमधली, इंग्रजी शिकलेल्या अश्रफांची वेदना आहे. आपले बागवान, आतार, पिंजारी, मोमीन त्या दिवाणखान्याच्या बाहेरच उभे राहतात.

त्यांना आत घेण्याची वाट डॉ. राही मासूम रझा यांच्या ‘आधा गाँव’ने (1966) मोकळी केली. गाझीपूर जिल्ह्यातील गंगौली हे लेखकाचे स्वतःचे गाव. तिथले सय्यद जमीनदार, त्यांच्या उत्तर आणि दक्खिन पट्टीचे भांडण, मोहर्रमचे ताजिये, बायकांचे टोमणे, आणि भोजपुरीत भिजलेली उर्दू. लेखकाने प्रस्तावना पुस्तकाच्या मध्यावर घातली आहे, आणि ती तिथेच शोभते. अलीगढचे विद्यार्थी लीगचा प्रचार करायला गावात येतात, तेव्हा गावकऱ्यांना ते कशाविषयी बोलतात हेच कळत नाही. नमाज तर इथेही होते, मग वेगळा मुलूख कशाला? पाकिस्तान ही शहरातून आलेली बातमी आहे, गावाची भूक नव्हे, हे राहींनी एकही भाषण न ठोकता दाखवले आहे.

राही आपल्या माणसांची भलामणही करीत नाहीत. सय्यदांचा जातीचा ताठा, जुलाह्यांविषयीची तुच्छता, बाहेरच्या बायका आणि त्यांची मुले, सगळे उघडे मांडतात. पण म्हणूनच फुन्नन मियाँवर आपला विश्वास बसतो. त्यांचा मुलगा मुमताज 1942 च्या आंदोलनात ठाण्यावरील हल्ल्यात मारला जातो. पुढे शहिदांच्या स्मरणसभेत वक्ता इतरांची नावे घेतो, मुमताजचे घेत नाही. म्हातारा उभा राहून आपल्या मुलाचे नाव सांगतो. मुसलमानांच्या देशभक्तीवर ग्रंथ लिहिले गेले. या एका प्रसंगाची ताकद त्यांच्यात नाही. शिव्यांचे कारण पुढे करून ही कादंबरी जोधपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढली गेली होती. खरी अडचण शिव्यांची होती की उघड्या बोलण्याची, हे वाचकाने ठरवावे.

‘गर्म हवा’ आम्ही आग्र्यातच पाहिला. एम. एस. सथ्यूंनी तो याच शहरात चित्रित केला. इस्मत चुगताई यांची कथा, कैफी आझमी व शमा झैदी यांची पटकथा. सलीम मिर्झांचा जोड्यांचा कारखाना आहे. थोरला भाऊ पाकिस्तानात जातो, हवेली त्याच्या नावावर, म्हणून ती निर्वासितांची मालमत्ता ठरते. बँक कर्ज देत नाही, कारण उद्या हाही पळून जाईल. घराचा नकाशा भावाला पाठवला म्हणून हेरगिरीचा आळ येतो. कुठे रक्त सांडत नाही, दंगलीचे दृश्य जवळजवळ नाही. माणूस आपल्याच गावात हळूहळू भाडेकरू कसा होतो, एवढेच दिसते. बलराज साहनींनी यातल्या कुठल्याच दुःखाला आवाज चढवलेला नाही. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, एप्रिल 1973 मध्ये, ते गेले.

या चित्रपटावर आमचा एक आक्षेप आहे. आमिनाचे दोन प्रियकर एकामागून एक सीमेपलीकडे जातात आणि ती जीव देते. मिर्झा मोर्चात सामील होतात, त्यांना वाट सापडते. मुलीला मात्र मृत्यूच सापडतो. पुरुषाच्या दुःखाला राजकारणाचा दरवाजा आणि बाईच्या दुःखाला कबर, ही वाटणी खटकते. हवेली सोडायची नाही म्हणून लाकडांच्या कोठडीत लपणारी म्हातारी आईच मग या चित्रपटातली सर्वांत खरी स्त्री ठरते.

सईद अख्तर मिर्झांचा ‘नसीम’ (1995) त्यापुढचा अध्याय मानावा. 1992 चा जून ते डिसेंबर, मुंबई, पंधरा वर्षांची शाळकरी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. ती भूमिका कैफी आझमींनीच केली आहे. आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या आठवणी सांगतात. तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत, या मुलाच्या सवालावर ते उत्तर देतात की तुझ्या आईला अंगणातले झाड फार आवडायचे. 6 डिसेंबरला आजोबांचा इंतकाल होतो. पटकथा लिहिताना ज्या कैफींनी मिर्झांना मोर्चात नेले, तेच वीस वर्षांनी पडद्यावर मरण पत्करतात. आशेचा हा प्रवास कुठल्याही अहवालापेक्षा अधिक बोलका आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठी मुसलमानाची अशी गोष्ट मराठीत कुठे आहे? हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने (1965) कोकणातले गाव धीटपणे उभे केले. त्यांच्या इतर भूमिकांशी मतभेद असले तरी ती कादंबरी बाजूला सारता येत नाही. पण मराठवाडा? रझाकारांनी हिंदूंवर केलेले जुलूम मराठीत नोंदले गेले, आणि ते नोंदले जायलाच हवे होते. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर गोरगरीब मुसलमानांचे काय झाले, हे पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षी गावोगाव फिरून लिहून ठेवले. मृतांचा आकडा तिने किमान 27 ते 40 हजार असा अंदाजला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि नांदेड होते. हा अहवाल अनेक दशके दडून राहिला. पण आपल्या घरांतल्या दादी-नानींच्या तोंडी तो होताच. आपण तो कागदावर आणला नाही.

1990 च्या सोलापूर संमेलनापासून आपण मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करीत आहोत. चर्चा पुष्कळ झाली, कादंबरी थोडी. आमच्या मते एक कारण भाषेचे आहे. राहींनी गंगौलीची बोली जशीच्या तशी उचलली. आपले लेखक मात्र अम्मीलाही प्रमाण मराठीत बोलायला लावतात, किंवा दोन-चार उर्दू शब्द पेरून मोकळे होतात. आपली दखनी, कोकणी मुसलमानांची बोली, वऱ्हाडातले मिसळलेले बोलणे, हे मराठी साहित्यात यायला कोणाची परवानगी लागणार आहे?

दुसरे कारण भीतीचे आहे. आपले दोष लिहिले तर विरोधक ते वापरतील, आणि आपले दुःख लिहिले तर रझाकारांचे वकील ठरवतील. राहींपुढे या दोन्ही भीती होत्या. त्यांनी सय्यदांचा ताठाही लिहिला आणि मुमताजचे नावही घेतले. मराठवाड्याची कादंबरी लिहिणाऱ्याला हेच करावे लागेल. रझाकाराने जाळलेल्या घराचे नाव आणि कारवाईनंतर विहिरीत टाकलेल्या माणसाचे नाव, दोन्ही एकाच पुस्तकात आली पाहिजेत. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांतले फार थोडे आता हयात आहेत. जे आहेत त्यांच्याजवळ जाऊन बसावे, ऐकावे आणि त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. कादंबरी नंतर होईल.