डुकराचं रक्त, दोन रकाने आणि एक घाईचा निष्कर्ष

आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये 'रक्तात होणारे बदल' सांगणारा पेपर वाचायला घेतलात, तर बरेचदा हाच साचा दिसेल: एका रकान्यात आजारी डुकरं, दुसऱ्यात निरोगी, बाजूला पी-व्हॅल्यूच्या चांदण्या. आजारी रकान्यात लिम्फोसाइट कमी, प्लेटलेट कमी. निष्कर्ष: विषाणूमुळे. 2020 मध्ये हा आजार आसाम-अरुणाचलात आला, तेव्हापासून आपल्याकडेही असं काम करावंसं वाटणं साहजिक आहे. माझ्या पहिल्या प्रस्तावातही हेच दोन रकाने होते. "निरोगी डुकरं कुठली घेणार?" असं गाइडनी विचारलं आणि मी गप्प.

आता रक्त काढतात कसं ते बघा. तोंडात फास, किंचाळणं, झटापट. एवढ्या ताणानेच न्यूट्रोफिल वाढू शकतात, लिम्फोसाइट घटू शकतात आणि प्लीहा आकसून हिमॅटोक्रिट वर जातं. शीर सापडेना म्हणून सुई फिरवत बसलात तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात. मशीन त्या धड मोजत नाही, आकडा खाली येतो. म्हणून पद्धतीच्या भागात आधी 'स्मिअर पाहिला' हे वाक्य शोधा. नसेल तर प्लेटलेटच्या रकान्यावर फार विसंबू नका.

लिम्फोसाइट या आजारात खरंच घटतात, त्यात वाद नाही. पण विषाणू त्यांच्यात वाढत नाही. तो वाढतो मोनोसाइट-मॅक्रोफेजमध्ये, आणि त्या पेशींनी सोडलेल्या सायटोकाइनमुळे आसपासचे लिम्फोसाइट मरतात. म्हणजे हा दिवसागणिक पुढे सरकणारा प्रकार आहे. प्लेटलेटचंही तसंच: तीव्र आजारात त्या साधारण शेवटाकडे घसरतात, मध्यम तीव्रतेच्या विषाणूत लवकर. कितव्या दिवसाचं रक्त आहे हे न सांगता काढलेली सरासरी हा क्रमच पुसून टाकते. शिवाय नमुना घेण्याआधी मेलेली डुकरं त्या तक्त्यात नसतातच.

मला खरा राग येतो तो शेवटच्या परिच्छेदातल्या 'निदानासाठी उपयुक्त' या शब्दांचा. क्लासिकल स्वाइन फीव्हरमध्येही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, आणि तो विषाणू पूर्ण वेगळ्या कुळातला. क्लासिकलवर आपल्याकडे लस आहे. आफ्रिकनमध्ये पालकाचा अख्खा कळप मारावा लागतो. तो निर्णय पीसीआरवर होतो, सीबीसीवर नाही.

माझ्या नव्या प्रस्तावात निरोगी डुकरं त्याच वयाची, त्याच जातीची आहेत, आणि त्यांनाही तसाच फास लावून रक्त घ्यायचं आहे. संख्या निम्म्यावर आली. गाइडनी सही केली.